वर्गात शिरलेला नट

गणपती उरकले की या सदराचं टपाल बदलतं. मे-जूनमध्ये 'मुलीला नाट्यशिबिरात घालू का' असं विचारणारे आईबाप असतात. सप्टेंबरात पत्रं येतात ती नटांची. जूनमध्ये हौसेने शाळेत शिकवायला गेलेले आणि दोन महिन्यांत घायकुतीला आलेले. यंदा अशीच चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण ते पत्र मीच तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं असावं असं वाटलं.

ताई, मी अकरा वर्षं प्रायोगिक नाटकं करतो. मालिकांतल्या छोट्या कामांवर घर चालतं. जूनपासून एका शाळेत आठवीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास नाटक शिकवतो. चौपन्न मुलं, चाळीस मिनिटं. पहिल्या तासाला श्वासाचे आणि आवाजाचे व्यायाम घेतले, तर मासळीबाजार झाला. दुसऱ्या तासाला एक स्वगत म्हणून दाखवलं, तेव्हा वर्ग चिडीचूप. तेव्हापासून दर वेळी आधी मी करून दाखवतो आणि मग मुलांना करायला लावतो. पण काहीतरी चुकतंय. गेल्या आठवड्यात मी ओरडलो. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नाटक येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, असं असतं का? — एक नट, डोंबिवली

असतं. आणि त्या बाई दारात आल्या त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वेळी मुख्याध्यापक आले होते.

पण मला खरी अद्दल घडली ती ओरडण्याने नाही, टाळ्यांनी. माझा पहिलाच तास, सातवीचा वर्ग. मी तुमच्यासारखंच केलं. पदर खोचला आणि एक लांबलचक स्वगत म्हटलं. त्या दिवशी घसा बसला होता, त्यामुळे मध्येच एका वाक्यावर ठसका लागला. तो गिळून मी पुढे गेले. टाळ्या पडल्या. 'आता तुम्ही करा' म्हटलं. एकेक पोर पुढे आलं आणि हुबेहूब माझ्यासारखं करून गेलं. तोच हेल, तीच मान वळवण्याची लकब. सातव्या नंबरला आलेल्या मुलीने त्या वाक्यावर ठसकासुद्धा काढला. वर्गात कोणी हसलं नाही. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला होता. मागच्या बाकावर वर्गशिक्षक वह्या तपासत बसले होते. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमचं काम फार छान झालं. पोरांचं कधी आहे?"

तो ठसका मी अजून विसरलेले नाही.

तुमचं चुकतंय ते इथेच. तुम्ही करून दाखवता. नटाला तेच येतं, आणि मुलांनाही ते आवडतं, म्हणून तर वर्ग शांत बसतो. पण ती शांतता प्रेक्षकांची असते. तुम्ही दाखवलंत की वर्गात त्या प्रसंगाचं एक बरोबर उत्तर तयार होतं आणि चौपन्न मुलं त्याच्या मागे लागतात. आपल्याकडच्या बालनाट्य स्पर्धांना कधी बसा. डोळे मिटून ऐका. दहा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा वाक्याच्या शेवटी एकाच ठिकाणी वर चढतात, एकाच ठिकाणी खाली येतात. विंगेत उभ्या असलेल्या दिग्दर्शकाचा तो आवाज असतो. मी परीक्षक म्हणून बसले की मुलांचे नंबर काढता काढता मनात दिग्दर्शकांचेच नंबर काढत असते.

मग करायचं काय? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी मुद्दाम छापलेलं नाही, ते इथे घेते. 'वर्गात बाकं आहेत, हलवता येत नाहीत, जागाच नाही,' असं तुम्ही लिहिलंय. बाकांच्या रांगा, मधून जायला वाट, पुढे एक मोकळी जागा. अहो, ही तर एसटी आहे! चौपन्न प्रवासी आयते बसलेत.

हा खेळ मी कितीतरी वर्गांत खेळले आहे, त्यातला एकदाचाच सांगते. भोरकडचा एक आठवीचा वर्ग. मी खांद्याला जुनी चामड्याची पिशवी अडकवून दारातून आत आले आणि म्हटलं, "मंडळी, गाडी वरंध घाटात बंद पडली आहे. ड्रायव्हर मेकॅनिकला आणायला चालत खाली गेलाय. मी या रूटवर नवीन आहे. अंधार पडायच्या आत काय करायचं ते तुम्हीच सांगा." पहिली दोन मिनिटं खिदळणं. मग एकाने तिकिटाचे पैसे परत मागितले. मी म्हटलं, "डेपोत अर्ज करावा लागेल, तुमचं नाव सांगा, कुठून कुठे निघालात?" त्याने नाव सांगितलं, ते त्याचं खरं नाव नव्हतं. झालं, तो प्रवासी झाला. दुसरा म्हणाला, माझं लग्न आहे उद्या. हशा. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, तोवर तोंड न उघडलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या पिशवीत आजीचं इन्सुलिन आहे. ते थंड ठेवावं लागतं."

हशा थांबला. कोणीतरी विचारलं, बर्फ कुठे मिळेल. एकजण म्हणाला, ओढ्याच्या पाण्यात ठेवू. दुसरा म्हणाला, माठ आहे का कोणाकडे. नवरदेवाने स्वतःची पाण्याची बाटली दिली. पुढची पंचवीस मिनिटं ती गाडी त्या इन्सुलिनसाठी चालली. मी फक्त मधूनमधून घड्याळ पाहत होते आणि 'मला काही सुचत नाही हो' म्हणत होते.

शिक्षकाने असं स्वतः भूमिकेत शिरायचं, ही युक्ती डोरोथी हेथकोट या इंग्रज बाईंची. चौदाव्या वर्षी त्या कापडगिरणीत कामाला लागल्या होत्या, पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना नाटक कसं वापरायचं ते शिकवू लागल्या. २०११ साली गेल्या. त्यांच्या पद्धतीत नटासाठी एक अवघड अट आहे. भूमिका अशी घ्यायची, जिला मुलांची गरज आहे. राजा नको, फौजदार नको, सगळं कळणारा शास्त्रज्ञ नको. नवखा कंडक्टर चालेल. नटाला मोठी भूमिका घ्यायची खाज असते, ती घरी ठेवून या.

दोन बारीक गोष्टी. भूमिकेत शिरण्याची आणि बाहेर येण्याची खूण मुलांना दिसली पाहिजे. माझी ती पिशवी होती. ती खुंटीला लावली की मी बाई. हे स्पष्ट नसेल तर मुलं बिथरतात, विशेषतः लहान. आणि गोंधळ थांबवायला आवाज वापरू नका, तुमचा घसा तुमच्या पोटाचं साधन आहे. टाळीचा एक ठेका ठरवा, तुम्ही अर्धा वाजवायचा, उरलेला वर्गाने पुरा करायचा. चार तासांत अंगवळणी पडतं.

श्वासाचे व्यायाम सध्या बंद. ते नटाला लागतात, कारण त्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. आठवीतल्या पोराला अजून पहिल्याच रांगेची भीती वाटते.

आणि एक वही करा. तास संपल्यावर रिक्षात बसून तीन मुलांची नावं लिहायची आणि प्रत्येकाने आज काय केलं ते एका ओळीत. दर वेळी नवी तीन. नट म्हणून आपल्याला दुसऱ्यांनी आपल्याकडे बघण्याची सवय असते, त्यामुळे पहिले काही आठवडे ही वही भरत नाही. माझ्या पहिल्या महिन्याच्या पानांवर सगळीकडे मीच आहे: 'आज माझा आवाज लागला नाही', 'आज मला छान सुचलं'. नावं ऑक्टोबरात यायला लागली.

मी दशावतारी कलाकार. कुडाळ तालुक्यातल्या एका मंडळात चोवीस वर्षं स्त्रीपात्र करतो. शिक्षण नववी. आमच्या गावच्या हायस्कूलचे सर म्हणतात, शनिवारी येऊन मुलांना नाटक शिकवा. 'माका काय शिकवूक येता?' असं मी त्यांना म्हणालो. ते ऐकत नाहीत. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. जाऊ का?

जा. दादा, तुम्हाला काय येतं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तुमच्या रंगमंचावर संहिता नसते. संध्याकाळी पेटारा उघडला की जाणती मंडळी आख्यान कोणतं ते सांगतात, कोणी काय व्हायचं ते ठरतं, आणि पुढे रात्रभर एका बाकड्याच्या आधाराने राजदरबार, अरण्य आणि रणांगण उभं राहतं. संवाद जागेवर सुचतात. पायपेटीवाला तुमच्या तोंडाकडे बघून सूर धरतो. शहरात यालाच उत्स्फूर्त अभिनय म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळांची फी हजारांत असते. गंमत म्हणजे, या कार्यशाळांतले बरेचसे खेळ ज्यांनी रचले त्या शिकागोच्या व्हायोला स्पोलिन, त्यांनी ते नटांसाठी रचलेच नव्हते. बाहेरदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करताना, भाषा अडू नये म्हणून ते सुचले. नटांनी ते नंतर उचलले. तेव्हा मुलांना शिकवणं म्हणजे खालच्या पायरीचं काम, हा समज कोणी तुमच्या डोक्यात घातला असेल तर काढून टाका.

आता अडचण. चोवीस वर्षं जे अंग करतं ते तोंडाने सांगता येत नाही. म्हणून शनिवारच्या आधी घरातल्या एखाद्या पुतण्याला समोर बसवा आणि एकच गोष्ट समजावून पाहा: समोरच्याचं बोलणं संपत आलंय हे तुम्हाला कशावरून कळतं? तो श्वास घेतो? पाय बदलतो? नजर बाकड्याकडे नेतो? ते सापडलं की पहिले दोन शनिवार त्यावरच निघतील. दोन मुलं, एक बाकडं, एक भांडण. एकजण थांबला की दुसऱ्याने उचलायचं.

तुम्ही स्त्रीपात्र करता हे मुलांना माहीत असणार आणि मोठे मुलगे फिदीफिदी हसणार. पहिल्या दिवशी साध्या शर्ट-पँटमध्ये जा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी वर्गात बसून, सगळ्यांसमोर तोंड रंगवा, लुगडं नेसा, सावकाश. काही बोलू नका. वरच्या पत्रात मी 'करून दाखवू नका' म्हटलं आणि इथे उलटं सांगतेय, हे मला कळतंय. पण यात नक्कल करण्यासारखं काही नाही, बघण्यासारखं आहे. मी हे एका जत्रेत मांडवामागे पाहिलं होतं. तीन पोरं दात काढत आली होती. भुवई रेखून होईपर्यंत त्यांतला एकजण आरसा धरून उभा होता.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच स्थानिक कलावंतांना शाळांनी मार्गदर्शक म्हणून बोलवावं असं म्हटलं आहे. मुख्याध्यापकांना एवढं सांगायला हरकत नाही. मानधनाचं आधी, आणि कागदावर ठरवा. शाल-श्रीफळावर बोळवण होऊ देऊ नका. आणि दिवाळीनंतर तुमच्या जत्रा सुरू झाल्या की रात्रभर जागून सकाळी वर्गावर उभं राहणं जमणार नाही. पावसाळ्याचे महिने शाळेला द्या.

आमची नाट्यसंस्था सांगलीत आहे. हौशी आणि व्यावसायिक मिळून वीस कलावंतांसाठी 'मुलांना नाटक कसं शिकवावं' असं दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे. नऊ दिवस व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं, शेवटच्या दिवशी एका शाळेतल्या मुलांबरोबर तास, अशी आखणी आहे. कोणाला बोलवावं?

मुलांना बोलवा. तिसऱ्या दिवसापासून. पोहणं शिकवताना नऊ दिवस काठावर व्याख्यान देत नाहीत.

पार्श्वभूमीसाठी एक सकाळ पुरे. नटांनी शाळेत जाऊन नाटकातून शिकवण्याची संघटित सुरुवात १९६५मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने केली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची 'संस्कार रंग टोळी' १९८९पासून आहे, आणि त्याच विद्यालयाच्या आगरतळा केंद्रात याच विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. तुमच्या वीसजणांत कोणी विशी-पंचविशीतलं, मोकळं असेल तर त्याला तिकडे पाठवा. पुण्यात १९८६पासून डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स रंगभूमी रुजवली. तिथे मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात. ते उत्तम काम आहे, पण ते मुलांसाठी नाटक करणं झालं. मुलांकडून नाटक करवून घेणं निराळं, आणि नाटकाच्या हाताने मुलांना विचार करायला लावणं आणखी निराळं. तुमच्या पत्रकात हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबले आहेत. आधी कोणतं शिकवणार ते ठरवा.

तुमच्या आखणीत एक गोष्ट अजिबात नाही, तिला मी अख्खा दिवस देईन. नटांना तालमीत स्वतःच्या आठवणी उकरायची सवय लागलेली असते. दुःख हवं असेल तर स्वतःचं दुःख आठवा, असं आम्हाला शिकवलं आणि आम्ही ते बिनदिक्कत वर्गात नेलं. नववीच्या एका वर्गात मी म्हटलं, 'आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा आणि जोडीदाराला सांगा.' एका मुलीने जोडीदाराला न सांगता उभं राहून सगळ्या वर्गाला सांगितलं. वडील त्या वर्षीच गेले होते. कसे गेले तेही सांगितलं. चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि मला पुढचं वाक्य सुचत नव्हतं. मग घंटा झाली. घंटेने मला वाचवलं, तिला नाही. पुढचा तास गणिताचा होता आणि ती तशीच त्या तासाला बसली. मी वर्गशिक्षिकांना गाठून सांगेपर्यंत दुपार झाली होती.

तेव्हापासून माझ्या वर्गात दुःख दुसऱ्याचं असतं. एसटीतल्या प्रवाशाचं, गोष्टीतल्या माणसाचं. मुलं त्याच्या आडून स्वतःचं बोलतात, किंवा बोलत नाहीत, तो निर्णय त्यांच्याकडे राहतो. इन्सुलिनवाल्या मुलीच्या घरी खरंच आजी होती का, मी विचारलं नाही.

याच दिवसात हेही घ्या. अंगाला स्पर्श होणारे खेळ आधी विचारून, आणि 'मी बघतो' म्हणून बाजूला बसण्याची मुभा ठेवून. डोळे मिटून मागे पडायचं आणि जोडीदाराने झेलायचं, हा खेळ मी कायमचा बंद केला. एकदा झेलणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं आणि पडणाऱ्याचं कोपर सुजलं. एकट्या मुलाबरोबर दार बंद करून तालीम घेऊ नये. आणि २०१२चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, प्रत्येकाने वाचलेला असावा. एखाद्या मुलाने आपल्यावरच्या अशा अत्याचाराबद्दल सांगितलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'मी कोणाला सांगणार नाही, बोल' असं वचन कधीही द्यायचं नाही. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८, तो शिबिराच्या खोलीत फळ्यावर दहाही दिवस राहू द्या.

व्याख्याते कमी करून जे पैसे वाचतील त्यात मुलांच्या नाश्त्याची सोय करा. शनिवारी सकाळी उपाशी आलेली मुलं कोणाचंच ऐकत नाहीत.

मी एका मालिकेत खलनायिका आहे. एका संस्थेने वस्तीतल्या मुलांना आठ रविवार नाटक शिकवायला बोलावलं आहे. पहिल्या रविवारी मुलं मला मालिकेतल्या नावानेच हाका मारत होती. एकीने खिरीत विष का घातलंस म्हणून माझ्याशी बोलायचंच नाकारलं. बाकीच्यांना फक्त सेल्फी हवे होते. यातून बाहेर कशी पडू?

बाहेर पडू नका, आत जा. पुढच्या रविवारी मध्यभागी एक खुर्ची ठेवा. आधी सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढून तो विषय संपवा. मग जाहीर करा: वीस मिनिटं खुर्चीत ती बाई बसणार आहे, काय वाटेल ते विचारा, ती खरं बोलेल. आणि खरंच बोला. मालिकेच्या लेखकाने दिलं नसेल ते कारण तुम्ही शोधून ठेवा, नट म्हणून तेवढं तर करताच. अबोला धरलेली मुलगी पहिला प्रश्न विचारेल, पैज लावते.

वीस मिनिटांनी खुर्चीतून उठा आणि तिलाच विचारा, 'तू बसतेस का?' ती खलनायिका होईल किंवा खीर खाल्लेली सून, तिला हवं ते. तुम्ही जमिनीवर बाकीच्यांत जाऊन बसा आणि हात वर करून प्रश्न विचारा. पुढच्या सहा रविवारांना तुम्हाला काय करायचं ते त्या खुर्चीत कोण कोण बसतं त्यावरून कळेल.

मध्येच कोणीतरी 'एका दिवसाचे किती मिळतात' विचारेल. विचारतातच. आकडा सांगू नका. संस्थेचे कार्यवाह मागेच बसलेले असतात, मानधन ठरवताना त्यांना तो बरोबर आठवतो.